नागपूरहून नागपूरले

आमच्या काकू वर्षातून एकदा बाहेरगावी जायच्या, अन् ते बाहेरगाव म्हणजे नागपूर. आता तुमी म्हणसान, मंग त्या राहत कुठं होत्या? नागपुरातच! रामदासपेठेत! हेच तर सांगून राहिली मी, थांबा ना जरा.

दिवाळी झाली, थोडी थंडी पडली, की काकूचं सुरू. गॅस बंद, घराले कुलूप, झाडं तळमजल्यावरच्या आजीच्या ताब्यात, डोक्यावर उन्हाची टोपी. वॉचमनले सांगायचं, "दादा, आमी गावाले चाललो, लक्ष ठेवा." मंग ऑटोनं अजनी स्टेशन. अजनीहून गाडी पकडायची अन् पुढच्याच स्टेशनवर उतरायचं, नागपूरले. झाला प्रवास!

"काकू, सरळ ऑटोनंच काहून नाही जायचं तिकडे?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"ऑटोनं माणूस बाजारात जाते. गावाले जायचं तर गाडीतून उतरावं लागते वं."

पुढं म्हणे, "पाहुण्याले गाव नीट वागवते. घरच्याले नुसतं वापरते. म्हणून वर्षातून एकदा आपल्याच गावात पाहुणं व्हावं."

मी बॅग उचलली बाप्पा!

काकू म्हणजे माझ्या सख्ख्या काकू नाही हं, घरमालकीण. दुसऱ्या माळ्यावर त्यांचा फ्लॅट, एकट्याच राहत, अन् एक खोली आमाले दिलेली, तीन पोट्ट्याहीले. मी कोराडीची. बाबा पॉवर स्टेशनमध्ये, वाळत घातलेल्या कपड्यावर राख पडते ती आमची कॉलनी. दुसरी उमरेडची, तिच्या आजोबाच्या घरी हातमाग होता, बाबाचं आता मोबाइलचं दुकान आहे. तिसरी कामठीची. तिचे बाबा पॉवरलूमवर होते, अन् ती आमच्या बिल्डिंगसमोरच्याच दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाले. कोराडी-कामठी काही लांब नाही, पण शिफ्ट ड्युटी करून बसच्या मागं पळणं जमत नाही ना, म्हणून मंग काकूकडे.

काकूनं आमाले नावानं कधी हाकच मारली नाही. "ए कोराडी, पंखा बंद कर." "उमरेड, तुया डब्याले मुंग्या लागल्या." "कामठी, जेवली काय वं?" पाहुण्याहीले वाटे या घरात माणसं राहतात की एसटी स्टँड आहे.

कारण काय, काकू जुन्या काळच्या ट्रंक ऑपरेटर. तवा दुसऱ्या गावी फोन लावायचा तर आधी एक्सचेंजले सांगावं लागे, अन् तिथं बसलेली बाई हातानं लाइन जोडून दे. ती बाई म्हणजे आमच्या काकू. सगळी नोकरी कानाले हेडफोन लावून, "बोला उमरेड", "कामठी, होल्ड करा." त्यामुळं त्याहीच्या डोक्यात माणूस म्हणजे गाव. मोबाइलही कधी कानाले लावला नाही, तोंडासमोर धरून ओरडायच्या, चौथ्या माळ्यावर ऐकू जाय. बाथरूममध्ये जास्त वेळ झाला की दारावर थाप. "उमरेड, लाइन बिझी ठेवू नको वं!"

जन्म इतवारीतला, म्हणून बोलणं हे असं, रामदासपेठेत राहूनही. पण राग आला की शुद्ध बोलायच्या! एकदम रेडिओवरच्या बातम्या! एकदा उमरेडनं दूध जाळलं, तर काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आपण कृपया बाहेर यावं." उमरेड रडलीच ना बे. शिव्या दिल्या असत्या तर नसती रडली.

आडनाव मात्र त्याहीनं कोणालेच विचारलं नाही. नागपुरात खोली पाहायले गेलं की पाणी द्यायच्या आधी "पूर्ण नाव काय?" विचारतात, अन् पूर्ण म्हणजे कोणतं अर्धं पाहिजे ते आपल्याले कळते. काकूनं मले पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "गाव कोणतं? अन् घोरतं काय?"

आता मुद्द्यावर येते.

त्या वर्षी दसऱ्याले कामठी पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीवर गेली. दरवर्षीच जाते, आई-बाबा, सगळं घर. आमच्या बिल्डिंगपासून तर चालत जायच्या अंतरावर. परत आली तेव्हा जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी काका भेटले. तिच्या साडीकडं पाहिलं, हातातल्या पुस्तकाहीच्या पिशवीकडं पाहिलं, अन् गोड हसून म्हणाले, "बेटा, तुझं पूर्ण नाव काय गं?"

ती उत्तर देणार तेवढ्यात वरून काकूचा आवाज. "कामठी! लवकर ये, तुया घरून फोन आला!"

फोन-बिन काही नव्हता. काकू कठड्याले धरून उभ्या होत्या नुसत्या.

दिवाळी झाली, अन् सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. ज्यांच्याकडे मुली भाड्याने राहतात त्यांनी मुलींची आडनावासह पूर्ण नावे रविवारच्या मीटिंगमध्ये द्यावीत, अन्यथा मुली ठेवण्याची परवानगी रद्द करण्याचा ठराव घेण्यात येईल. आता, पूर्ण बिल्डिंगमध्ये पोट्ट्या ठेवणाऱ्या एकट्या काकूच! अन् पोलीस स्टेशनात आमची आधार कार्डं काकूनं कधीचीच देऊन ठेवली होती. म्हणजे कोणाले काय पाहिजे होतं ते सगळ्याहीले माहीत होतं. खालच्या आजीनं तर येऊन सांगितलंच, "सेक्रेटरी म्हणतात, दोघी राहू द्या, एकीचं बघा."

काकूनं मेसेज वाचला, चष्मा काढला. "माझ्या घरी पोट्ट्या राहतात. आडनावं नाही राहत." अन् मंग म्हणे, "रविवारी? बरं झालं. शनिवारी जाऊ, रविवारी येऊ. बॅगा भरा."

मी म्हटलं, "काकू, खोली जाऊन राहिली आमची, अन् तुमाले फिरणं सुचते?"

"खोली जाणार म्हणूनच तर. रडत बसली की लोकाहीले वाटते बरोबर जागी लागलं."

 कामठी नुसती बॅग भरत होती. तिनं जास्तीचे कपडे भरले, ते मी पाहिलं. सगळेच भरले.

शनिवारी सकाळी अजनी. काकूनं शिदोरी घेतलेली, पुऱ्या अन् बटाट्याची भाजी, अजनी ते नागपूर खायले! उमरेड हसून हसून बाकावरून पडायची बाकी. "काकू, पुरी तोंडात जाईन तवरक स्टेशन येईन!" अन् गाडी निघाली, अन् स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलले जी थांबली ना, थांबलीच! डब्यातले लोक खाली उतरून फिरून आले. पुऱ्या संपल्या. बाजूच्या बाईचे चिवड्याचे पुडेही संपले. काकू इतक्या खुश, जसा काही रेल्वेवाल्याहीनं त्याहीच्या शब्दाले मान दिला.

नागपूर स्टेशनवर उतरल्याबरोबर काकू पाहुण्या झाल्या. डोळे मोठ्ठे. ऑटोवाल्याले हिंदीत, "भैया, ये शहर कैसा है? देखने लायक क्या है?"

तो म्हणे, "मावशी, तुमी मागच्या हप्त्यात माझ्याच ऑटोनं सीताबर्डीले गेल्या होत्या ना?"

काकूनं टोपी नाकावर ओढली अन् आमाले दुसऱ्या ऑटोत कोंबलं.

आता लॉज. काकूचा एक ठरलेला लॉज होता, मालक ओळखीचा. जाऊन पाहतो तर त्याचं कोचिंग क्लास झालेलं! रिसेप्शनवर फिजिक्सचा सर बसलेला! मंग दुसरा लॉज शोधला. तिथल्या मॅनेजरनं आमची आधार कार्डं पाहिली अन् परत दिली. "लोकल आयडी चालत नाही, मॅडम. सगळ्या नागपूर जिल्ह्याच्याच आहे तुमी."

"मंग?"

"मंग घरी जा ना! घर असताना लॉज काहून पाहिजे? उगाच लफडे होतात."

"मी म्हातारी काय लफडं करणार गा?"

"रूल आहे."

काकू बाहेर येऊन फुटपाथवर उभ्या राहिल्या. तिसऱ्या लॉजमध्येही तेच. सगळ्या दुनियेले खोली, फक्त नागपूरच्या माणसाले नागपुरात नाही! काकू एवढ्या भडकल्या की शुद्ध मराठीत शिरल्या. "या शहराचा मी निषेध करते." उमरेड म्हणे, "काकू, चला ना घरी," तर काकू म्हणे, "आपण जाऊ शकता."

चौथ्या लॉजचा मॅनेजर पोट्टाच होता, कॉम्प्युटरवर टाइप करणारा. काकूनं त्याले पूर्ण भाषण दिलं, पाहुणा काय, गाव काय. तो बिचारा कंटाळून म्हणे, "ठीक आहे, एक खोली देतो, चौघींची नावं सांगा."

"लिही. कोराडी, उमरेड, कामठी."

"हे काय बसचा रूट आहे काय काकू? माणसाहीची नावं सांगा."

"हीच आहे नावं."

"पूर्ण नाव लागते."

"पूर्ण कायले लागते तुले? हाक मारायची आहे काय?"

झालं, पेटलं दोघांचं. अन् तेवढ्यात कामठी पुढं आली. काउंटरवर हात ठेवला. "लिहा. पल्लवी गजभिये. ग, ज, भ ले पहिली वेलांटी. बरोबर. आता पुढचं."

तो लिहून मोकळा. त्याले काहीच नाही. त्याले जेवायले जायचं होतं.

पण काकूचं तोंड पाहण्यासारखं झालं. जशी कोणी त्याहीची लाइन मधातूनच कापली.

दुपारी सावजीत, म्हणजे विणकराहीच्या तिखटजाळ रश्श्याच्या खानावळीत, जेवलो. उमरेडवाली म्हणजे घरची सावजीवाली, तिनं पहिल्याच घासाले जाहीर केलं की आमच्या आजीच्या रश्श्यापुढं हे गोड पाणी आहे, अन् मंग नाकाडोळ्यातून धारा! आमी हसून हसून मेलो. काकू वेटरले विचारून राहिल्या, "ये कौनसी सब्जी है भैया, हमारे तरफ नहीं मिलती." सगळं नेहमीसारखं चालू होतं, पण कामठी फक्त पोळी तोडून राहिली होती.

फुटाळ्यावर, तलावाच्या कठड्यावर बसलो, भुट्टे घेतले, तेव्हा ती बोलली.

"काकू, एक सांगू? रागवू नका."

"बोला कामठी."

"तुमी आडनाव विचारत नाही, ते मले फार आवडलं होतं. पहिल्या दिवशी खोलीत जाऊन रडली मी, खरं सांगते. याआधी पाच घरी फिरून आली होती. पण आता ते लोक विचारतात, अन् तुमी सांगत नाही. जिन्यातून खोटा फोन लावता. त्याहीले काय वाटते? की लपवण्यासारखं आहे म्हणून काकू लपवून राहिल्या."

"मी लपवत नाही वं. मी त्याहीले भाव देत नाही."

"तुमाले भाव नाही द्यावा लागत, काकू. तुमचं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे."

 मले वाटलं आता भूकंप.

काकूनं हातातला भुट्टा कठड्यावर ठेवला. "तुझं म्हणणं माझ्या ध्यानात आलं आहे."

अरे देवा. शुद्ध.

"मी जाते काकू उद्या कामठीले," ती म्हणाली. "सामान आणलंच आहे. तुमचं घर, तुमची सोसायटी, तुमाले तिथंच राहायचं आहे. या दोघीही राहतीन. कायले सगळ्याहीचं बिघडवायचं?"

"चूप!" मी अन् उमरेड एकाच वेळी ओरडलो. बाजूचं जोडपं उठूनच गेलं.

मंग काय झालं, तर आमचं जोरदार भांडण झालं. उमरेड म्हणे तू गेली तर मीही जाते, मी म्हटलं सगळ्या गेल्या तर सेक्रेटरीले पेढे वाटा मंग, कामठी म्हणे तुमचं काय जाते बोलायले, उमरेडनं रागात भुट्टा तलावात फेकला, तो एका होडीत पडला, होडीवाला ओरडला, अन् आमी चौघी पळालो. काकूही! टोपी धरून! लॉजवर पोचलो तेव्हा कोणालेच बोलता येत नव्हतं, अर्धा श्वास अन् अर्धं हसणं.

पण काकू शुद्धच होत्या. "मुलींनो, पांघरूण पुरेसं आहे ना?"

रविवारी सकाळी तर्री-पोहे. ठेल्यापाशी उभं राहून, वाफ निघणारे, वरून चण्याच्या रश्श्याची लाल तर्री. काकूनं पहिला चमचा घेतला, डोळ्यात पाणी आलं, तर्रीचंच असेन.

"कामठी, तर्री घे वं आणखी," त्या म्हणाल्या.

आमी एकमेकीकडं पाहिलं. उतरला राग!

"मी ऑपरेटर होती ना, तवा आमची सुपरवायझर बाई सांगे, लाइन जोडली की आपण मधातून निघायचं. मधात बसून ऐकत राहिली, बोलत राहिली, तर ती बाई लाइन खराब करते. मी मधातच बसून राहिली." मंग प्लेट खाली ठेवली. "पण एक ऐक. तू जायचं असं म्हणशीन, तर तुया मनानं जा. सेक्रेटरीच्या मनानं नाही. तुले जायचं आहे काय?"

"नाही," कामठी म्हणाली. लगेच. जशी कालपासून कोणी विचारायचीच वाट पाहून राहिली होती.

"झालं मंग. मीटिंगले जाऊ. तू बोल. मी मधात नाही पडणार."

"तुमी? अन् नाही पडणार?" उमरेडनं विचारलं.

"प्रयत्न करीन."

संध्याकाळी आमी बॅगाहीसकट सरळ पार्किंगमध्ये पोचलो. खुर्च्या मांडलेल्या, चहा, बिस्किटं. सेक्रेटरी काका उभे, हातात कागद. पाण्याच्या टँकरचा विषय झाला, लिफ्टचा झाला, मंग ते घसा साफ करून म्हणाले, "आता आपल्या दुसऱ्या मजल्याचा विषय. वहिनी, नावं आणली का?"

काकू उभ्या राहिल्या. आता निघते वाक्य, मले पाठ होतं. "माझ्या घरी पोट्ट्या..." एवढं म्हटलं. थांबल्या. खाली बसल्या, सरळ आपल्या बॅगेवर. ओठ असे दाबून धरले की मले वाटलं दात तुटतीन.

कामठी पुढं गेली.

"मी पल्लवी गजभिये. कामठीची. बाबा पॉवरलूमवर होते, आई अंगणवाडीत आहे. समोरच्या लॅबमध्ये मी काम करते. तुमच्यातल्या बऱ्याच जणाहीचं रक्त मीच काढलं आहे, तेव्हा आडनाव नाही विचारलं कोणी, फक्त म्हणे हळू टोचा. दसऱ्याले पांढरी साडी नेसून मीच आली होती, दीक्षाभूमीवरून. पुढच्या दसऱ्यालेही नेसीन. आणखी काही पाहिजे काय काका?"

कोणाचं तरी बिस्किट चहात पडलं.

"नाही नाही, तसं काहीच नाही," सेक्रेटरी काका हसले. "आपल्याकडे कोणी तसलं मानत नाही. फक्त रेकॉर्डसाठी हवं होतं."

"रेकॉर्डसाठी?" उमरेड उठली. दूध जाळल्यावर रडणारी पोट्टी! "मंग माझंही घ्या. दीक्षा पराते. आमी विणकर. काकाजी, लिहा ना, रेकॉर्ड आहे ना?" मंग मी उठली, आवाज फाटला, तरी आजोबाच्या नावासकट पूर्ण सांगितलं. अन् सांगून झाल्यावर खाली कशी बसणार, उभीच राहिली. उमरेडही उभी. "आता तुमचं सगळ्याहीचं सांगा," ती म्हणाली. "राहतो ना आमीही इथं. आमालेही माहीत पाहिजे."

 मंग खालच्या आजीनं काठी टेकली, उठल्या, अन् नाव सांगितलं, माहेरचंही अन् सासरचंही, गावासकट. त्याहीच्या बाजूचा, बँकेत काम करणारा एक माणूस उठला. मंग त्याची बायको. कोणी हसत, कोणी मान खाली घालून, कोणी चहाच्या कपात बोलल्यासारखं. दोन जण फोन आल्याचं नाटक करून जिन्यानं निघून गेले. काकू बॅगेवर बसून होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून, मधात पडू नये म्हणून.

शेवटी सेक्रेटरी काकाच उरले.

"माझं तर सगळ्यांना माहीतच आहे," ते म्हणाले.

"मले नाही माहीत," कामठी म्हणाली.

त्याहीनं सांगितलं. कागदाची घडी केली, खिशात टाकली. "ठीक आहे. ठरावाची काही आवश्यकता दिसत नाही. मीटिंगचा पुढचा विषय..."

कामठीनं आपली बॅग उचलली, ती सगळे कपडे भरलेली जड बॅग, अन् जिन्याकडं वळली. पहिल्या पायरीवर थांबली.

"काका, पुढचे विषय जरा हळू आवाजात घ्या हं. उद्या माझी सकाळची ड्युटी आहे."